झाकण सैल, बोट धोक्यात

वसई : पावसाळी मासेमारीबंदी उठली, की पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याच्या बोटी समुद्रात उतरतात. इंजिन व जाळ्यांची डागडुजी निगुतीने होते. बर्फ-मासळीच्या कप्प्यावरील झाकणाकडे तितके लक्ष जातेच असे नाही. उधाणात लाट डेकवर चढते आणि सैल झाकणातून पाणी आत शिरते. एक घनमीटर समुद्रजलाचे वजन सुमारे १,०२५ किलो. त्याहून घातक म्हणजे, बोट कलताच हे पाणी त्याच बाजूला धावते आणि ती अधिकच कलंडते. १९७४ मध्ये 'गॉल' हा ब्रिटिश ट्रॉलर ३६ जणांसह बुडाला. उघड्या राहिलेल्या झडपांतून पाणी शिरल्याचा निष्कर्ष फेरचौकशीत २००४ मध्ये निघाला. तेव्हा झाकणाचे चिरलेले रबर, गंजलेल्या कड्या बदलाव्यात. नुसती दोरी पुरेशी नव्हे. बंदरातच झाकणावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि कप्प्यात ओल दिसल्यास निघणे लांबवावे.