झेरॉक्सच्या मागची एकवीस वर्षे

जून महिना उजाडला की आमच्या कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दाखला, मार्कलिस्ट, जातीचा दाखला, शेताचा उतारा, सगळ्याच्या दोन-दोन प्रती हव्या असतात. परवा एका विद्यार्थ्याला मी सहज विचारलं, "झेरॉक्स म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "सर, झेरॉक्स म्हणजे झेरॉक्स!" त्याचं उत्तर तसं चुकीचं नव्हतं. एका कंपनीचं नाव आपल्या भाषेत इतकं मुरलं आहे की त्यामागे कुणा माणसाची मेहनत असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

माझे वडील खानापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. बाहेरून बी.ए.ची परीक्षा देताना त्यांच्याकडे पुस्तकांना पैसे नव्हते. वाचनालयातून आठ दिवसांसाठी आणलेलं अर्थशास्त्राचं आख्खं पुस्तक त्यांनी कंदिलाच्या उजेडात दोनशे पानी वहीत उतरवून काढलं. ती वही अजून आमच्या ट्रंकेत आहे. चेस्टर कार्लसनचं चरित्र वाचताना मला पहिल्यांदा ती वही आठवली.

कार्लसनचा जन्म १९०६ सालचा, अमेरिकेतल्या सिॲटल शहरातला. वडील न्हावीकाम करणारे, पण क्षय आणि संधिवाताने अंथरुणाला खिळलेले. चेस्टर शाळेत असतानाच घराचा भार त्याच्यावर आला. तो सतरा वर्षांचा असताना आईही क्षयानेच गेली. पोरवयात त्याने एका छापखान्यात काम केलं आणि रसायनशास्त्राची आवड असणाऱ्या मुलांसाठी एक छोटं मासिक काढायची खटपट केली. एकेक खिळा जुळवताना लिहिलेलं कागदावर उमटवणं किती जिकिरीचं असतं, हे त्याला तेव्हाच कळलं.

१९३० साली तो भौतिकशास्त्राचा पदवीधर झाला, पण ऐन मंदीत. ८२ कंपन्यांना अर्ज केले, एकीनेही नोकरी दिली नाही. पुढे धडपडत तो न्यूयॉर्कमध्ये एका विद्युत सामानाच्या कंपनीच्या पेटंट विभागात लागला. तिथे कागदपत्रांच्या प्रती कधीच पुरेशा नसत. पुन्हा टाइप करा, नाहीतर फोटो काढायला पाठवा, हे दोनच मार्ग. त्यात रात्री तो कायद्याच्या कॉलेजात जाई. पुस्तकं घेणं परवडत नसे, म्हणून ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हाताने उतरवी. डोळे थकत, बोटं आखडत. 'बटण दाबलं की प्रत हातात' असं यंत्र का असू नये, हा प्रश्न त्याच आखडलेल्या बोटांनी त्याच्यापुढे टाकला.

फोटोग्राफीच्या वाटेने मोठमोठ्या कंपन्या गेल्याच होत्या. म्हणून कार्लसनने वेगळी वाट धरली, ती स्थिर विजेची. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग याने १७७७ सालीच दाखवलं होतं की विद्युतभारित पृष्ठभागावर पूड टाकली की तिच्या आकृत्या उमटतात. त्यात कार्लसनने दुसरं एक तत्त्व जोडलं. काही पदार्थ अंधारात वीज धरून ठेवतात, पण उजेड पडताच ती निसटू देतात. १९३७ साली त्याने पेटंटसाठी पहिला अर्ज केला. प्रयोगशाळा कुठली? घरचा स्वयंपाकखिडकीजवळचा स्टोव्ह आणि त्यावर वितळणारं गंधक!

शेवटी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात त्याने एक खोली भाड्याने घेतली आणि ओटो कोर्नाई या ऑस्ट्रियातून आलेल्या निर्वासित पदार्थविज्ञाच्या मदतीने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी प्रयोग केला. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा अंधारात सुती रुमालाने घासला. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि 'ॲस्टोरिया' हे नाव लिहिलं, पट्टी पत्र्यावर ठेवली आणि वरून काही क्षण दिव्याचा झोत टाकला. उजेड पडला तिथली वीज गेली. अक्षरांच्या सावलीत ती टिकली. मग एका वनस्पतीच्या बीजकणांची पूड भुरभुरवून फुंकर मारली. पूड फक्त अक्षरांना चिकटून राहिली. मेणकागद दाबून ऊब दिली, आणि अक्षरं कागदावर उतरली. आजचं झेरॉक्स यंत्र आणि लेझर प्रिंटर मुळात हेच करतात. गंधक आणि पुडीच्या जागी नवे पदार्थ आले, एवढंच.

शोध लागला, पण घेणार कोण? पाच-सहा वर्षांत वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. त्यांत आयबीएम होती, कोडॅक होती. कोर्नाईही सहा महिन्यांत दुसऱ्या नोकरीवर गेला. १९४२ साली पेटंट मिळालं, तरी दारं बंदच. १९४४ साली बॅटेल या संशोधन संस्थेने हात दिला आणि १९४७ साली रॉचेस्टर गावातल्या हॅलॉइड या फोटोचा कागद बनवणाऱ्या लहान कंपनीने धाडस केलं. ग्रीक भाषेतल्या 'कोरडं' आणि 'लेखन' या दोन शब्दांवरून 'झेरोग्राफी' हे नाव पडलं, आणि त्यावरून 'झेरॉक्स'.

पहिलं यंत्र १९४९ साली आलं, पण एक प्रत काढायला त्याच्या ३९ पायऱ्या! ते कार्यालयांत चाललं नाही. खरं यश मिळालं ते '९१४' या यंत्राला. ९ बाय १४ इंचांपर्यंतचा कागद चालत असे, म्हणून हे नाव. १६ सप्टेंबर १९५९ रोजी ते लोकांना दाखवलं, त्या दिवशीच दोनपैकी एका यंत्राने पेट घेतला. तरीही दुसऱ्याने काम फत्ते केलं. रुमाल घासला त्या दिवसापासून एकवीस वर्षं होत आली होती.

प्रत काढणं सोपं झालं की सत्ता थोडी हलते. १९६९ साली डॅनियल एल्सबर्ग याने व्हिएतनाम युद्धाची सुमारे सात हजार पानं रात्री-अपरात्री झेरॉक्स केली आणि १९७१ साली अमेरिकन सरकारचं खोटं उघडं पडलं. सोव्हिएत रशियात तर प्रती काढायची यंत्रं कुलपात ठेवत. आपल्याकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने केंद्र सरकारच्या कार्यालयातली प्रत पानाला दोन रुपयांत साध्या माणसाच्या हाती आणून दिली. दप्तरातला कागद आपल्या पिशवीत येणं, ही लहान गोष्ट नव्हे.

कार्लसनला अफाट पैसा मिळाला. त्यातले सुमारे दहा कोटी डॉलर त्याने दान केले, बरेचसे नाव न सांगता. मध्येच सोडून गेलेल्या कोर्नाईलाही त्याने कंपनीचे शंभर शेअर भेट दिले. १९६८ साली न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहात बसल्या जागी त्याचं निधन झालं.

आता मोबाइलने पानाचा फोटो काढणं आलं. पोरं पुस्तकाची शंभर पानं पाच मिनिटांत टिपून घेतात आणि तितक्याच सहजतेने विसरतात. वडिलांना मात्र ती उतरवलेली वही शेवटपर्यंत पाठ होती. म्हणून काय पुन्हा हाताने उतरवत बसायचं? नाही. ज्याची बोटं आखडली त्यानेच तर आपली सुटका केली. फक्त वाचलेल्या वेळात ते पान आपण वाचतो का, एवढं झेरॉक्सच्या दुकानातून बाहेर पडताना स्वतःला विचारावं.