पारंबी ओळखणारा ग्रीक

बंगळुरूहून म्हैसूर रस्त्याने निघालं, की वाट वाकडी करून रामोहळ्ळीजवळचा ‘दोड्ड आलद मर’ पाहायला लोक जातात. हा थोरला वड सुमारे ४०० वर्षांचा, तीन एकरांवर पसरलेला. मूळ बुंधा रोगाने गेला, तरी जमिनीत रुजून खोडाएवढ्या झालेल्या पारंब्यांवर झाड उभं आहे.

पारंबी ही फांदी की मूळ? या प्रश्नाचा विचार करून उत्तर लिहून ठेवणारा थिओफ्रास्टस भारतात कधी आला नव्हता. इ.स.पू. ३७१च्या सुमारास लेस्बॉस बेटावरच्या एरेसॉस गावी तो जन्मला. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचा हा शिष्य. गुरूंनी अथेन्स सोडल्यावर त्यांच्या ‘लायसियम’ या विद्यापीठाची धुरा त्याने सुमारे ३५ वर्षं वाहिली. गुरूंनी प्राणी अभ्यासले, याने वनस्पती.

इ.स.पू. ३२६मध्ये अलेक्झांडरची फौज पंजाबात आली. सोबतच्या मंडळींनी इथली झाडं पाहिली आणि ती माहिती ग्रीसला पोचली. तिच्या आधारे थिओफ्रास्टसने लिहिलं, की वडाच्या पारंब्या कोवळ्या फांद्यांना फुटत नाहीत, जुन्या फांद्यांना फुटतात. त्या फिकट, केसाळ, वेड्यावाकड्या असतात आणि त्यांना पानं नसतात. त्या रुजल्या, की झाडाभोवती तंबूसारखा आडोसा होतो. ओळींत लावलेल्या आपल्या कापसाचीही त्याने नोंद केली. वडाचं पान मात्र त्याने ढालीएवढं सांगितलं. ऐकीव माहितीवर विसंबल्याने ते चुकलं.

तरीही त्याचा विचार पक्का होता. जमिनीखाली असेल ते सगळंच मूळ, ही व्याख्या त्याला मान्य नव्हती. कांदा जमिनीत असूनही मूळ नाही आणि पारंबी हवेत लोंबत असूनही मूळच आहे. एखादा अवयव कुठे आहे यापेक्षा त्याचा स्वभाव काय, हे त्याने महत्त्वाचं मानलं. वनस्पतिशास्त्राची पायाभरणी अशा काटेकोर विचारातून झाली. त्याचे वनस्पतींवरचे दोन ग्रंथ टिकले. १४८३मध्ये ते लॅटिनमध्ये छापले गेले आणि युरोपातले अभ्यासक पुन्हा झाडांकडे बारकाईने पाहू लागले.

थोरल्या वडाखाली जाल तेव्हा खोडावर नावं कोरू नका. मुलांना एखादी कोवळी पारंबी दाखवा, ती जुन्या फांदीतून फुटली आहे का, तिला पान आहे का, हे त्यांनाच शोधू द्या. तत्त्वज्ञानाचा तो उत्तम पहिला धडा आहे.