सिंहिणींचा सातबारा

‘मापोगो’ सिंहांचे व्हिडिओ पाहून एका वाचकाने विचारलं आहे : नवा सिंह आला की तो कळपातले छावे का मारतो?

मापोगो म्हणजे सहा नरांची टोळी. २००६च्या सुमारास तिने दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँड या राखीव जंगलाच्या पश्चिम भागावर ताबा बसवला. २०१०मध्ये माजिंगिलाने ही दुसरी टोळी आली, तिने मापोगोंपैकी एकाला ठार केलं. २०१२पर्यंत सगळा दरारा संपला. व्हिडिओवाले याला सम्राटांचा इतिहास म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. सिंहांमध्ये लेकी बहुधा आईच्याच कळपात राहतात. पाणवठे, शिकारीच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडेच. जंगलाचा सातबारा काढला तर नावं सिंहिणींची निघतील. नर टिकतात सरासरी दोन-तीन वर्षं.

छाव्यांचं मरण या घाईत आहे. छावे साधारण दीड वर्षाचे होईपर्यंत सिंहीण सहसा माजावर येत नाही. ते दगावले तर लवकर येते. वाट पाहत बसलेल्या नराला स्वतःची पिल्लं वाढवायला वेळच उरत नाही.

हे कोडं सोडवण्यात संशोधक अ‍ॅन प्युसी यांचा मोठा वाटा. १९७८पासून सेरेंगेटीत त्या आणि क्रेग पॅकर बरोबरीने राबले, पण नाव होतं ते पॅकरांचंच. नराला हद्द किती मोलाची असते, हे दाखवणारा जॉन ग्रिनेल यांच्यासोबतचा या दोघांचा प्रयोग तर फारच सुंदर आहे. लपवलेल्या स्पीकरवरून परक्या सिंहाची डरकाळी ऐकवायची. नर उठायचा, कान टवकारायचा आणि थेट आवाजाच्या दिशेने चालू लागायचा. टोळीतला जोडीदार सख्खा भाऊ असो वा नसो, तो पाहत असो वा नसो. हद्द गेली तर दोघांचंही सगळंच जातं!

आपल्या गीरमध्ये मात्र चित्र वेगळं आहे. तिथे नर आणि माद्या एरवी वेगवेगळ्या राहतात आणि एका मादीच्या इलाख्यात नरांच्या दोन-तीन टोळ्यांची ये-जा असते. स्तोत्र चक्रवर्ती आणि यादवेंद्रदेव झाला यांनी २०१९मध्ये दाखवून दिलं, की सिंहीण या प्रतिस्पर्धी टोळ्यांतल्या अनेक नरांशी समागम करते. मग छावे नेमके कोणाचे, हे कोणत्याच नराला ठरवता येत नाही आणि तो त्यांना हात लावत नाही. जिच्याशी कधी संबंधच आला नाही, अशा सिंहिणीचे छावे समोर आले, तर मात्र गीरचा सिंहही त्यांना मारतो.