मस्टर वाचणारी माणसं

मुंबई-पुण्यातल्या बहुतेक पगारदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. पगारपत्रकावरच्या त्या रकान्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. महाराष्ट्राने १९७५ साली हा कर बसवला तो रोजगार हमी योजनेला हक्काचा पैसा मिळावा म्हणून. करातून जितकी रक्कम जमेल तितकीच भर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं होतं. खेड्यातल्या भूमिहीन बाईच्या हाताला काम देण्यासाठी शहराने पैसे मोजायचे. लोकशाही समाजवादाचं याहून स्वच्छ उदाहरण मला आपल्या राज्यात दुसरं दिसत नाही.

योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर इथे तिचा पहिला प्रयोग केला. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास मांडला आणि सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा आग्रह धरला. कल्पना होती, अभ्यास होता. पण कागदावरच्या कल्पनेला कायद्याचं बळ आलं ते बहात्तरच्या दुष्काळामुळे.

मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. एरवी शेतमजूर विखुरलेला असतो. दोघं या बांधावर, चौघं त्या मळ्यात, आणि मालक ओळखीचा, गावातलाच. त्याच्यापुढे तोंड उघडलं तर उद्याचं काम जातं. खडी फोडायच्या केंद्रावर मात्र शेकडो माणसं एका रांगेत बसलेली आणि मालक एकच, सरकार. लाल निशाण पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते या केंद्रांवर गेले. मागण्या साध्या होत्या. मजुरी वेळेवर द्या, मोजमाप पुरं धरा, प्यायला पाणी ठेवा, पोरांसाठी सावली करा. तहसील कचेरीवरच्या मोर्च्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या, कारण कामावरही त्याच मोठ्या संख्येने होत्या. दुष्काळ सरला तरी काम मागायची सवय सरली नाही. विधिमंडळात १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम ही मेहरबानी न राहता हक्क झाला.

कायद्याची रीत अशी होती. मजुराने काम मागायचं, १५ दिवसांत काम मिळायला हवं, नाही मिळालं तर बेकारी भत्ता. नवं काम उघडायला मात्र किमान ५० मजूर हवेत. ही अट गरिबाला जाचकच होती. तरी तिचा एक परिणाम मला महत्त्वाचा वाटतो. एकट्याच्या अर्जावर नवं काम निघत नसल्यामुळे कार्यकर्त्याला वस्ती-वस्तीवर फिरून माणसं गोळा करावीच लागत. शहाद्याच्या श्रमिक संघटनेसारख्या संघटनांनी भिल्ल शेतमजुरांमध्ये जे राजकीय शिक्षण केलं त्यात अशा रोजच्या लढायांचा वाटा मोठा होता.

हे शिक्षण कसं चालायचं ते मातीकामाच्या खड्ड्यात उतरल्याशिवाय कळत नाही. मजुरी दिवसावर नसते, खोदलेल्या मातीच्या मापावर असते. लांबी, रुंदी, खोली मोजायची आणि गुणायची. खोली कळावी म्हणून खड्ड्याच्या मधोमध न खोदलेल्या मातीचा खुंट ठेवतात. तो मोजणीआधी फोडला की पुरावाच गेला. शिवाय दर मातीच्या जातीवर ठरतो. मऊ मातीला एक, मुरमाला दुसरा, कठीण मुरमाला त्याहून जास्त. मजुराने टिकाव घालून कठीण मुरूम फोडला आणि मोजमाप पुस्तकात नुसता ‘मुरूम’ लिहिला गेला, तर आठवड्याच्या मजुरीला तिथेच कात्री लागते. टोळीतल्या एका पोरीला टेप धरता आला, गुणाकार आला आणि मस्टरवर नावापुढची हजेरी वाचता आली, की मुकादमाचा आवाज उतरतो. वर्गव्यवस्थेवरची व्याख्यानं मीही पुष्कळ ऐकली आहेत आणि ती हवीतच. पण सत्ता कशी चालते आणि कुठे अडवता येते, हे त्या टेपने अधिक लवकर शिकवलं.

राजस्थानात हेच काम फार पुढे गेलं. राजसमंद भागातल्या मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया भरवल्या. गावासमोर मस्टर मोठ्याने वाचायचं. मेलेल्या माणसाच्या नावावर हजेरी, न बांधलेल्या भिंतीचं बिल, सगळं लोकांच्या तोंडून बाहेर यायचं. माहिती अधिकाराच्या चळवळीला तिथूनच मोठं बळ मिळालं. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात वर्षाला १०० दिवसांच्या हमीबरोबर ग्रामसभेने करायचं सामाजिक अंकेक्षण आलं, त्यामागे या सुनवायांचा अनुभव होता.

आणि जिथून ही कल्पना निघाली तो महाराष्ट्र केंद्रीय कायद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत राजस्थान-आंध्रच्या मागे पडला. याचं मला मनापासून दुःख आहे. कायदा होता, तिजोरी होती, पण कामाची मागणी लावून धरणाऱ्या संघटना बऱ्याच भागांत विरळ झाल्या होत्या. मागणी नोंदवायचा नमुना ४ भरून दिला तरी तारखेची पोच हातात पडत नसे. पोच नाही म्हणजे १५ दिवस मोजायचे कुठून, आणि भत्ता मागायचा कशाच्या आधारावर? नाशिकच्या प्रगती अभियानासारख्या मोजक्या संस्था हा धागा धरून राहिल्या.

१ जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. कागदाचं मस्टर निदान कामावर मागून बघता येत होतं, बोट ठेवून वाचता येत होतं. नेटवर्क नसलं, दुसरा फोटो चढला नाही, तर दिवसभर राबलेल्या बाईची मजुरी धोक्यात येते आणि ते तिला कळतं खात्यात पैसे न आल्यावर. टेप धरायला शिकवणाऱ्या संघटनांपुढे आता हे काम आहे. रोजची हजेरी मजुरांना कामावरच, त्याच दिवशी वाचून दाखवली जावी, आणि चढली नाही तर तिथेच लेखी तक्रार देऊन पोच घेतली जावी.