काळे कपडे घालून या

कच्छच्या छोट्या रणात पहिल्यांदा मोजणीला निघाले तेव्हा सरांनी एकच गोष्ट दोनदा बजावली : काळे कपडे घालून या. तिथल्या उन्हात काळे कशाला, हे मला रणात पोचल्यावर कळलं. पांढऱ्या ओढणीवरून उसळलेला उजेडसुद्धा आमच्या मोजणीत घुसला असता.

सकाळी अकरानंतर रिसोर्ससॅट-2 हा उपग्रह 817 किलोमीटर उंचीवरून जाणार होता. त्याच वेळी खाली, पावसाळ्याचं पाणी आटून टणक झालेल्या त्या उजळ जमिनीवर, आम्ही तिच्यावरून किती उजेड परततो ते मोजणार होतो. पाच-सात पावलं चालायचं, यंत्राची नळी जमिनीकडे धरायची, आकडा घ्यायचा. मध्येमध्ये एका पांढऱ्या पाटीचा आकडा. जवळजवळ सगळा उजेड परत फेकणारी ही पाटी म्हणजे आमचं मापाचं वजन. तिच्या पांढऱ्या बाजूला बोट लावायची मनाई. दुसरं एक यंत्र सूर्यावर रोखलेलं, हवेतली धूळ आणि बाष्प अजमावायला. या सगळ्यावरून गणित मांडायचं : वर उपग्रहापर्यंत किती उजेड पोचायला हवा होता? आणि त्यानं किती नोंदवला?

किराणा दुकानातला काटा वैधमापनवाले तपासतात, शिक्का मारतात. उपग्रहातला कॅमेरा प्रयोगशाळेत असाच तपासलेला असतो. पण उड्डाणाचे हादरे, निर्वात पोकळी, अतिनील किरण यांतून जाताना तो बदलतो, आणि त्याला खाली आणता येत नाही. म्हणून आपणच काटा घेऊन त्याच्या वाटेत उभं राहायचं.

नासाचा टेरा उपग्रह डिसेंबर 1999 मध्ये अवकाशात गेला. त्यावरच्या मोडिस कॅमेऱ्याला स्वतःची परीक्षा घ्यायची सोय होती : सूर्यप्रकाश झेलणारी पांढरी तबकडी, शिवाय अधूनमधून चंद्राकडे बघणं. चंद्रावर ना हवा ना पाऊस, त्याचा पृष्ठभाग बदलत नाही. इतका भरवशाचा दिवा दुसरा नाही. एवढं असूनही मोडिसची निळ्या रंगाची नजर मंदावली, आणि ते आकड्यांत पुरतं पकडलं गेलं नाही. निळ्या उजेडावरून हवेतली धूळ ताडतात. तो हिशेब चुकला की झाडांच्या हिरवाईचाही चुकतो. जगात काही ठिकाणी हिरवाई घटतेय असं दिसत होतं. 2012 साली संशोधकांनी दाखवून दिलं की त्या घटीत कॅमेऱ्याच्या झिजेचा वाटा होता. पुढे दुरुस्ती करून आकडे पुन्हा काढावे लागले.

मी वाढले बडोद्यात, पण आजोळ धाराशिवकडचं. मामाचं सोयाबीन तिथल्या पावसावर. दुष्काळ ठरवण्याच्या 2016 च्या संहितेत उपग्रहानं टिपलेली पिकांची हिरवाई हाही एक निकष आहे. कॅमेरा झिजला आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही, तर करपलेलं शिवार कागदावर हिरवं दिसू शकतं. पाटी हातात धरली की मला मामाचं शेत आठवतं.

त्या दिवशी पावणेअकराला पश्चिमेकडून पिंजलेल्या कापसासारखा एक ढग आला. पातळच होता, डोळ्यांना ऊन तेवढंच वाटत होतं. पण सूर्यावर रोखलेल्या यंत्राचे आकडे हलायला लागले. सरांनी वहीत त्या दिवसावर आडवी रेघ मारली. उपग्रहावरचा रुंद पट्टा पाहणारा कॅमेरा पाच दिवसांनी पुन्हा येणार होता. आम्ही पाटी फडक्यात गुंडाळली आणि मुक्काम वाढवला.