टॉर्च बदलण्याआधी लायनर बघा, भाऊ

अकोला आणि अमरावती एमआयडीसीत ट्रॉली, पेरणीयंत्रं बनवणाऱ्यांची नेहमीची तक्रार: मिग वेल्डिंगची वायर अडकत अडकत येते, टिप जळते, फीडरपाशी वायरचा गुंता होतो. लगेच टॉर्चला नाहीतर मशीनला शिव्या. बऱ्याचदा दोषी असतो केबलच्या आतला लायनर.

तपासणी सोपी आहे. मशीन बंद करा, टिप काढा, फीड रोलरचा दाब सोडा, केबल सरळ ठेवा आणि वायर हाताने ओढा. जड येते? मग रोलर आवळत बसू नका. दाबाने वायर खरवडते, तिचा भुगा परत लायनरमध्येच जातो.

साध्या लोखंडी वायरला स्टीलच्या स्प्रिंगचा लायनर. ॲल्युमिनियमला टेफ्लॉन, कारण ती वायर मऊ. मापासाठी सहसा रंग बघतात: 0.8 मिमीला निळा, 1.0 ते 1.2 ला लाल, 1.6 ला पिवळा. निळ्यात 1.2 ढकलली की अडलीच म्हणून समजा. सैल लायनरमध्ये बारीक वायर नागमोडी चालते, आर्क थरथरतो.

नवीन लायनर कापताना केबल जमिनीवर सरळ पसरा. गुंडाळलेल्या केबलवर माप घेतलं की तो आखूड पडतो. कापलेलं टोक कानशीने घासा.

आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू उडतात, ते वायरवर बसून आत जातात. रीळ झाकून ठेवा. रीळ बदलताना कोरड्या हवेचा झोत मारा. लायनरमध्ये तेल मात्र अजिबात नको. धूळ चिकटते आणि वेल्डला छिद्रं पडतात.