मक्याचे साप आणि त्यांचे रंग

कुत्रें, मांजर, पोपट, फार तर ससे, इतक्याच प्राण्यांशीं आपल्याकडील घरांचा संबंध येतो. साप पाळणारा म्हटला कीं डोळ्यांपुढें टोपलीवाला गारुडी उभा राहतो. परंतु अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत सापांची एक जात पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून हौसेनें पाळली जाते. इतकेंच नव्हे, तर कोणत्या जोडीपासून कोणत्या रंगाचीं पिलें निघतील हें आधीं कागदावर मांडून पाहिलें जातें. आमच्या शाळेचे एक जुने विद्यार्थी तिकडे ओहायो संस्थानांत नोकरीनिमित्त राहतात. त्यांच्या घरीं आम्ही कांहीं दिवस पाहुणे होतों, तेव्हां हा प्रकार आम्हांस जवळून पाहावयास मिळाला. पहिल्या दिवशीं आम्हीं त्या खोलींत उंबरठ्याबाहेरूनच डोकावून पाहिलें, हें सांगण्यास आम्हांस लाज वाटत नाहीं.

या सापाचें इंग्रजी नांव 'कॉर्न स्नेक', म्हणजे मक्याचा साप. त्याच्या पोटावर काळ्यापांढऱ्या चौकटी असतात व त्या तिकडील रंगीबेरंगी मक्याच्या कणसावरील दाण्यांसारख्या दिसतात, म्हणून हें नांव पडलें असें कोणी म्हणतात. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागें हा नेहमीं सांपडे, म्हणून तें पडलें असें दुसऱ्यांचें मत आहे. मूळचा हा अमेरिकेच्या आग्नेय भागांतला. न्यू जर्सीपासून फ्लॉरिडापर्यंत व पश्चिमेस लुइझियानापर्यंत त्याचा वावर आहे. स्वीडनचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ लिनियस यांनीं १७६६ सालीं त्यास शास्त्रीय नांव दिलें. वाढलेला साप बहुधा तीन ते पांच फूट लांब भरतो. त्यास विष मुळींच नसतें. भक्ष्य दांतांत धरून तो त्याच्याभोंवतीं वेटोळें घालतो व आवळून मारतो. आपल्याकडील तस्कर नांवाचा बिनविषारी साप वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. तोही असाच आवळून मारणारा असून पूर्वीं शास्त्रज्ञ या दोघांस एकाच गणांत घालीत असत. आतां ते गण निराळे केले आहेत.

रानांतील मक्याच्या सापाचा रंग नारिंगी किंवा तपकिरी असून पाठीवर तांबडे ठिपके व प्रत्येक ठिपक्यास काळी किनार असते. हा सुंदर वेषच त्याच्या जिवावर उठतो. त्याच प्रदेशांत कॉपरहेड नांवाचा एक विषारी साप आहे. त्याच्या अंगावर तांबूस पट्टे असतात, आणि घाबरलेला मनुष्य पट्टा कीं ठिपका याची चौकशी करीत बसत नाहीं. दोहोंतील भेद खरोखर अवघड नाहीं. कॉपरहेडचा पट्टा पाठीवर अरुंद व दोन्ही बाजूंस रुंद, डमरूसारखा असतो, आणि त्याच्या डोळ्यांतील बाहुली मांजराप्रमाणें उभी असते. मक्याच्या सापाची बाहुली वाटोळी असते. तरीपण शेतकऱ्याचे उंदीर खाणारा हा निरुपद्रवी प्राणी काठीखालीं फुकट मरतो. आपल्याकडे धामणीची गत याहून फारशी वेगळी नाहीं.

आतां त्यास ठेवतात कसें तें सांगूं. सापाच्या लांबीच्या मानानें ऐसपैस अशी कांचेची पेटी, तींत लांकडाचा बारीक भुसा, पाण्याचें पसरट भांडें, आणि लपण्यास दोन खोपटीं, इतकाच संसार. भुसा देवदाराचा चालत नाहीं, त्याचा उग्र वास सापास बाधतो. साप स्वतःच्या अंगांत ऊब उत्पन्न करूं शकत नाहीं, म्हणून पेटीची एक बाजू ३० अंश सेंटिग्रेडच्या आसपास ऊन व दुसरी २४ अंशांच्या आसपास थंड ठेवावी लागते. एक खोपटें ऊन बाजूस व एक थंड बाजूस ठेवतात, कारण लपण्याची जागा एकच असली तर साप भीतीपोटीं तेथेंच बसून राहतो, मग ऊब सोसो वा न सोसो. झांकण मात्र घट्ट हवें. आमच्या यजमानांचा एक साप झांकणाच्या बोटभर फटींतून निसटला व तीन आठवड्यांनीं पुस्तकांच्या कपाटामागें सांपडला. त्या तीन आठवड्यांत घरांतील मंडळी कोणत्या मनःस्थितींत निजत असत, हें त्यांच्या पत्नींनीं आम्हांस सविस्तर सांगितलें.

खाण्यास उंदीर. पिलास पांच ते सात दिवसांनीं नुकतें जन्मलेलें उंदराचें एक पिलूं व मोठ्या सापास एकदोन आठवड्यांनीं एक मोठा उंदीर पुरतो. हे उंदीर बर्फांत गोठवलेले विकत मिळतात. ते निववून, कोमट करून चिमट्यानें देतात. जिवंत उंदीर सोडीत नाहींत, कारण कोंडलेला उंदीर सापास चावून जखमी करतो. जेवण झाल्यावर दोन दिवस सापास हात लावूं नये, नाहींतर तो खाल्लेलें ओकून टाकतो. कात टाकण्यापूर्वीं त्याचे डोळे दुधाळ निळे होतात, व त्या दिवसांत तो चिडखोर बनतो. सापास हाताळल्यावर साबणानें हात धुणें हा त्या घरांत न मोडणारा नियम होता. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात व लहान मुलांस त्यांपासून आजार होतो.

परंतु या छंदाचें खरें मर्म रंगांत आहे. मक्याच्या सापाच्या कातड्यांत मुख्यतः काळा, तांबडा व पिवळा असे रंग असतात. १९५० नंतरच्या दशकांत नॉर्थ कॅरोलिना संस्थानांत एक असा साप सांपडला कीं त्याच्या अंगीं काळ्या रंगाचा लवलेशही नव्हता. डोळे तांबडे, आणि पाठ नारिंगी व पांढरी. जॉर्जियांतील त्वचारोगांचे डॉक्टर बर्नार्ड बेक्टेल व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनीं त्याची जोडी साध्या सापाशीं लावून पिढ्या वाढविल्या, आणि हा गुण वंशानें कसा उतरतो याचा निष्कर्ष १९६२ सालीं प्रसिद्ध केला. मेंडेल या पाद्र्यानें मठाच्या बागेंत वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ सालीं जे नियम छापले, तेच येथें लागू पडले.

ते नियम थोडक्यांत असे. प्रत्येक गुणाचे दोन घटक प्राण्याच्या अंगीं असतात, एक बापाकडून आलेला व एक आईकडून. काळा रंग तयार करणारा एक जरी चांगला घटक असला तरी साप रानांतल्यासारखाच दिसतो. दोन्ही बिघडलेले असतील तेव्हांच काळा रंग नाहींसा होतो. तांबड्या रंगाचेंही तसेंच. त्याचे दोन्ही घटक बिघडले म्हणजे साप काळा व राखी होतो. आतां काळेपणा नसलेला एक साप व तांबडेपणा नसलेला एक साप यांची जोडी लावली, तर पिलें कशीं होतील? सारीं रानांतल्यासारखीं! कारण आईनें जें दिलें नाहीं तें बापानें दिलें, आणि बापाचें उणें आईनें भरून काढलें. परंतु हीं साधीं दिसणारीं पिलें दोन्ही बिघाड पोटांत लपवून असतात. त्यांचीच एकमेकांशीं जोडी लावली म्हणजे सोळांत सरासरीनें नऊ साधीं, तीन काळ्याविना, तीन तांबड्याविना, व एक दोन्हीविना निघतें. हें सोळावें पिलूं गुलाबी छटेचें पांढरें असतें व त्यास 'स्नो', म्हणजे बर्फ, असें नांव आहे. मोठेपणीं त्याच्या मानेवर पिवळसर झांक येते.

येथें आमच्या विद्यार्थ्यांस एक गणित घालावेसें वाटतें. अंडीं पंधरा असलीं तर एक पांढरें पिलूं मिळालेंच पाहिजे काय? नाहीं. प्रत्येक अंडें पांढरें नसण्याचा संभव सोळांत पंधरा. ही संख्या स्वतःशीं पंधरा वेळां गुणून पाहिली तर उत्तर ०.३८ येतें. म्हणजे शंभरांतून अडतीस वेळां पंधराही अंड्यांतून एकसुद्धां पांढरें निघणार नाहीं. दुसरी गंमत अशी कीं त्या नऊ साध्या पिलांपैकीं सरासरीनें एकच खरोखर निर्दोष असतें. बाकीच्या आठांच्या पोटीं एक तरी गुप्त बिघाड असतो, आणि तीं बाहेरून मुळींच ओळखूं येत नाहींत. म्हणून या छंदांत वंशावळीची वही फार महत्त्वाची. वही खोटी, तर पुढील सर्व पिढ्यांचें गणित खोटें. २०१५ सालीं जिनीव्हा विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं काळेपणा नाहींसा करणारा बिघाड नेमका कोठें आहे तें शोधून काढलें. ज्या घटकाच्या बिघाडानें माणसांतही कातडी व केस पांढरे होतात, त्याच घटकांत तो आहे.

जोडी लावण्यापूर्वीं सापांस हिवाळा भोगावा लागतो. आधीं दोन आठवडे खाणें बंद करतात, कारण थंडींत पचन थांबून पोटांतील अन्न सडतें. मग दोनतीन महिने थंड अंधाऱ्या जागीं ठेवतात. वसंतांत ऊब मिळाली कीं जोडी जमते, व पुढें महिना दीड महिन्यानें मादी ओल्या शेवाळाच्या डब्यांत दहा ते वीस अंडीं घालते. अंडें कोंबडीच्या अंड्यासारखें टणक नसून चामड्यासारखें असतें, व अंडीं एकमेकांस चिकटलेलीं असतात. तीं जशीं पडलीं तशींच उचलावीं, उलटीं करूं नयेत, नाहींतर आंतील जीव गुदमरतो. सुमारें २८ अंशांत दोन महिने ठेवल्यावर पिलूं नाकावरील चिमुकल्या दातानें कवच चिरतें, आणि डोकें बाहेर काढून कधींकधीं दिवसभर तसेंच बसून राहतें. एकदां आम्ही त्या डब्यापाशीं उभे असतांच एकाच वेळीं पांच डोकीं बाहेर आलीं. उंबरठ्याबाहेरची आमची जागा आम्हीं त्या दिवशीं सोडली.

या छंदाची एक काळी बाजूही त्या गृहस्थांनीं आम्हांस लपविली नाहीं. विशिष्ट रंग पक्का करण्याकरितां पुष्कळ लोक भावाबहिणींच्या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावतात. लपलेला बिघाड रंगाचाच असतो असें नाहीं. 'ब्लडरेड', म्हणजे रक्तवर्णी, नांवाच्या जातींत अशा जोड्यांमुळें अशक्त व अन्न न घेणारीं पिलें फार निघूं लागलीं, तेव्हां बाहेरचें रक्त आणावें लागलें. दुसरा एक बिघाड तर असा कीं साप आपली मान सांवरूं शकत नाहीं; डोकें वांकडें होऊन वर वळतें. त्यास तिकडे 'स्टारगेझर', तारे पाहणारा, असें नांव देतात. नांव काव्यमय आहे, प्राण्याची दशा मात्र पाहवत नाहीं. आमच्या यजमानांनीं वही नसलेली एक देखणी जोडी विकत घेतली होती. तिच्या बारा पिलांत तीन अशीं निघालीं. त्यांनीं पैसे परत मागितले नाहींत. ती जोडी पुन्हा लावली नाहीं, आणि उरलेलीं नऊ पिलें कोणास विकलीही नाहींत, कारण त्यांपैकीं कोणाच्या पोटीं तो दोष आहे हें सांगतां येत नव्हतें. मक्याचा साप वीस वर्षेंसुद्धां जगतो. तीं नऊ पिलें आतां वाढलीं असून नऊ पेट्यांनीं एक भिंत अडविली आहे.

कंटाळा आलेले साप रानांत सोडणें हा तर दुसरा अपराध. ग्रँड केमन व बहामा या बेटांवर हा साप मूळचा नाहीं, तरी कांहीं पाळलेल्यांपैकीं सुटून व कांहीं बागेच्या रोपांबरोबर जाऊन तेथें तो स्थायिक झाला आहे. जॉर्जियासारख्या संस्थानांत तर तेथील रानचे बिनविषारी साप घरीं ठेवण्यास बंदी आहे. आपल्या देशांतही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें धामणीसारखे साप पकडणें, बाळगणें वा मारणें हा गुन्हा ठरतो. म्हणून हा लेख वाचून कोणीही कुंपणांत हात घालूं नये. साप दिसल्यास दूर उभें राहून वडील माणसांस सांगावें व सर्पमित्रास बोलवावें.

आम्ही परत आल्यावर त्या गृहस्थांनीं एका नव्या जोडीचीं अंडीं ठेवलीं. हिच्या दोन्ही बाजूंची वही पांच पिढ्यांची होती, आणि आईबाप दोघेही दिसावयास साधे पण पोटीं दोन्ही रंगांचे बिघाड असलेले होते. गेल्या महिन्यांत त्यांचें पत्र आलें. अंडीं चौदा, तेरा फुटलीं. आठ साधीं, तीन नारिंगी, दोन राखी. मान सर्वांची सरळ. पांढरें एकही नाहीं.